सवण्यातून जहाजात

नांदेडहून नागावली एक्स्प्रेस थेट विशाखापट्टणमला नेते. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास तिथं कधीमधी जहाजं लोकांना बघायला मोकळी असतात. त्यात आयएनएस जलाश्व ही युद्धनौका वाट्याला आली, तर आधी गुडघ्यांना विचारून घ्या. जलाश्व म्हणजे पाणघोडा. अमेरिकेच्या नौदलात १९७१ला दाखल झालेला, आपल्याकडे २००७ला आलेला. लांबी १७३ मीटर. पण माणूस दमतो तो लांबीनं नव्हे, उंचीनं.

आपल्याला वाटतं, जहाज म्हणजे पाण्यावरचा वाडा. आहेच, पण माळवदाचा, मातीच्या सपाट छपराचा! मजल्यावरून मजल्यावर जायला उभी लोखंडी शिडी आणि वर सवण्याएवढं, म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवतात त्या झरोक्याएवढं, भोक. शिडी उतरायची ती तोंड शिडीकडे करून, दोन्ही हातांनी धरून. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बूट घातला की अक्कल जाते. माणूस पाठ शिडीकडे करून ऐटीत उतरतो, टाच सटकते आणि राहिलेल्या पायऱ्या तो बसून मोजतो. नऊवारीवाल्या म्हाताऱ्या सरसर उतरतात. पाचवारीच्या निऱ्या मात्र पायरीत अडकतात, आणि वर तीस माणसं खोळंबतात.

मग उंबरठे. नडगीला लागतील एवढे उंच, कारण एका खोलीत शिरलेलं पाणी दुसरीत जाऊ नये. वरची चौकट ठेंगणी. पाय सांभाळावा तर कपाळ, कपाळ सांभाळावं तर नडगी. उंबऱ्यावर पाय देऊ नये, हे आजीचं म्हणणं नौदलालाही मान्य आहे. दाराचं रबर ज्या लोखंडी धारेवर दाबून बसतं, ती धार बुटांनी चेपली की दार गळतं.

हेलिकॉप्टरचा डेक म्हणजे खरखरीत रंगाचं खळं. सहा मध्यम हेलिकॉप्टरं मावतात. उड्डाणाआधी नौसैनिक खाली माना घालून, खुरपायला पात धरावी तसे आडव्या रांगेत चालतात आणि खिळा, नट, कागदाचा कपटा वेचतात. एवढासा नट इंजिनात ओढला गेला तरी आतली पाती फुटतात. म्हणून टोपी, उपरणं आणि गुटख्याची रिकामी पुडी खालीच ठेवावी. पुडीवर इशारा माणसाच्या कॅन्सरचा असतो, इंजिनाच्या नव्हे.

दवाखाना मला फार आवडला. चार ऑपरेशन थिएटरं, बारा खाटांचा वॉर्ड, प्रयोगशाळा, वर दातांचा विभाग. आपल्याकडं हिशोब उलटा: खाटा शंभर, आणि भूल देणारे डॉक्टर गुरुवारी. इथं कापायचं, शिवायचं आणि पेशंट सावरला की किनाऱ्याकडं धाडायचं. पण सवण्यातून आडवा माणूस जाणार कसा? त्यासाठी नील रॉबर्टसन स्ट्रेचर: कॅनव्हासात बांबूच्या कामट्या शिवलेल्या, पेशंटला त्यात गुंडाळून पट्टे आवळायचे आणि दोरानं उभाच्या उभा ओढायचा. आपण कडब्याची पेंडी बांधतो ना, तसं. फक्त पेंडी कण्हत नाही.

लातूरकराची खरी परीक्षा शेपटाकडं. हे जहाज आपल्या टाक्यांत हजारो टन समुद्र मुद्दाम भरून घेतं, मागची बाजू बुडवतं, फाटक उघडतं, आणि पोटात आलेल्या पाण्यावरून होड्या तरंगत बाहेर पडतात. काम झालं की सगळं पाणी परत बाहेर! एप्रिल २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला आलेल्या रेल्वेच्या दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, अशा पाण्याची आरती ओवाळणारी माणसं आम्ही. "खारट आहे हो ते," असं सांगूनही जीव हळहळतो.

गोडं पाणी जहाजावर समुद्रापासूनच करतात, त्याला इंधन जळतं. म्हणून अंघोळीचा नियम: अंग भिजवा, नळ बंद, साबण लावा, नळ उघडा, झटपट धुवा, बंद. सांगणारा नौसैनिक हे मोठ्या कौतुकानं सांगतो. रांगेतली एक मावशी पदर खोचत विचारते, "ते समदं खरं साहेब, पण साबणाचं पाणी कोणत्या झाडाला घालता?"