‘एकदा स्लॅब घाला, पन्नास वर्षं वर बघू नका’ : हे खरं नाही

गेल्या महिन्याभरात एकच संदेश मला पाच ग्रुपांवरून आला. गोव्यातल्या घरमालकांना उद्देशून आहे. म्हणणं असं: दरवर्षी कौलं परतण्यात पैसे घालवू नका, एकदा स्लॅब घाला, पन्नास वर्षं वर बघायला नको. गळलाच तर वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारा, तेही नको तर पत्रे घाला. आणि सल्लागाराला पैसे कशाला, कंत्राटदार फुकटात बघून सांगतो.

मी फोंड्यात राहतो, छपरं तपासणं हाच माझा व्यवसाय. म्हणजे शेवटच्या मुद्द्यात माझं हित गुंतलेलं आहे, ते आधीच सांगतो. तरी लिहितोय, कारण हा संदेश वाचून लोक खरंच कौलं उतरवायला निघालेत.

आधी ती पन्नास वर्षं. काँक्रीट टिकतं, पण आतली सळी सुरक्षित राहिली तरच. आयएस ४५६ या भारतीय मानकात किनाऱ्यावरच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येतं. त्याला किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, सांगितलंय. घरगुती कामात काय होतं? सळीखाली खडीचा एखादा तुकडा सरकवतात आणि ओततात. मग खारी हवा आणि पाणी सळीपर्यंत पोचतं. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतं.

पेडण्याला माझ्या मावसभावाने २००४ साली कौलं उतरवून स्लॅब घातला. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात देवघरासमोर छताचा ताटाएवढा पोपडा पडला. मावशी नुकतीच पूजा आटोपून उठली होती. तो तुकडा हातात घेतला, तर एका बाजूला सळीचा ठसा आणि त्यावर तांबडे पापुद्रे, बोट लावलं की सुटणारे. कव्हर मोजलं: १२ मिलिमीटर. मग शिडीवर चढून छोट्या हातोडीने छत ठोकत गेलो. धड जागी टणटणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने वर्तुळ. वहिनी खाली उभी राहून वर्तुळं मोजत होती. तीसच्या पुढे तिने मोजणं सोडलं. स्लॅबला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती, आणि त्यातल्या एकाही वर्षी कोणी वर चढून बघितलं नव्हतं.

वजनाबद्दल तर संदेशात अक्षर नाही. मंगळुरी कौलं एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे चाळीसेक किलो. वासे-रिपा धरल्या तरी फार वाढत नाही. पाच इंची स्लॅब त्याच जागेवर तीनशे किलोंच्या वर जातो, कोबा वेगळा. चिऱ्यांच्या, मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर हा भार टाकण्याआधी भिंती आणि पाया कोणी तपासला का, हा पहिला प्रश्न हवा.

कौलांचा खर्च दरवर्षी येतो, हे खरं. वांदर कौलं फोडतात, वाळवी वाशांना लागते आणि कौलं परतणारी माणसं आता सहज मिळत नाहीत. हा त्रास मी नाकारत नाही. पण बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यापासून हे कौल किनाऱ्यावर टिकून आहे, त्यामागे एक साधी गोष्ट आहे: फुटलं तर एकच कौल बदलता येतं. दोष कुठे आहे तेही खालून उजेडाच्या ठिपक्याने दिसतं. स्लॅबचं दुखणं मात्र छतावर डाग उमटेपर्यंत आतच वाढत राहतं.

आता केमिकल. डाग जिथे दिसतो तिथूनच पाणी शिरतं, असं नाही. ते पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, सांध्यातून, पाइपाच्या भोकातून किंवा टाकीच्या पायाखालून शिरून दहा फुटांवर उतरलेलं असू शकतं. म्हापशाच्या एका सोसायटीच्या गच्चीवर मी एकावर एक चार थर मोजले. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवा डबा, जुना थर तसाच. थर चढत गेले आणि गच्ची पावसाच्या पाइपाच्या तोंडापेक्षा वर आली. पाण्याला जायला वाटच उरली नाही. कोपऱ्यात पिंपळाचं रोप, त्याची मुळं वाट्यात, म्हणजे गच्ची आणि कठडा जुळतात तिथल्या गोलाईत, घुसलेली. तिथे आधी थर काढायला हवे होते, उतार शंभराला एक तरी धरायचा होता, तोंडं मोकळी करायची होती, मग पाणी भरून चाचणी. डब्याचा नंबर या सगळ्यानंतर लागतो.

पत्र्यांबद्दल थोडंच. नीट बसवलेली शेड पाऊस अडवते. पण स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होतात, खाऱ्या हवेत भोकांभोवती गंज धरतो, आणि सांगाडा कुठे, कसा बांधलाय यावर वाऱ्यात काय होईल ते ठरतं. शिवाय शेडखाली स्लॅब झाकला गेला की त्याच्याकडे कोणी फिरकतच नाही.

राहिला सल्लागार. कंत्राटदार फुकट बघतो, कारण त्याचा मोबदला पुढच्या कामात असतो. त्यात गैर काही नाही, पण ‘यंदा काही करू नका, नुसती पाइपांची तोंडं साफ करा’ हे सांगून त्याचं घर चालत नाही. जो माल विकत नाही त्यालाच ते सांगता येतं. अमेरिकेत अशा छप्पर-सल्लागारांची संस्था १९८३ पासून आहे. आमचं काम गळती शोधण्यापुरतं नसतं. छपराचा नकाशा काढायचा, कुठे कधी काय केलं ते लिहायचं, मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर फेरी मारायची, काम द्यायचं झालं तर काय, किती, कसं ते आधी कागदावर आणायचं आणि काम चालू असताना वर उभं राहायचं. छोट्या घराला दरवर्षी माणूस बोलावणं परवडत नसेल, तर एकदा नीट तपासून घ्या आणि पुढची वही स्वतः ठेवा.

सत्तरी तालुक्यातल्या एका कौलारू घरात मी अशी वही पाहिली. आजोबांनी सुरू केलेली, आता नातू लिहितो. शेवटच्या पानावर होतं: ‘पश्चिमेच्या वळचणीची ११ कौलं बदलली. आढ्याजवळचा तिसरा वासा पोकळ वाजतो, दिवाळीनंतर बदलायचा. पन्हळ साफ.’