प्रकल्पांचे पेव

शुक्रवारी रात्री साडेनऊ वाजता, म्हणजे स्टेशनरीची दुकाने बंद झाल्यावर आणि माझी चादर अंथरून झाल्यावर, माझ्या आठवीतल्या कन्येला आठवले की सोमवारी प्रकल्प द्यायचा आहे. विषय पंधरा दिवसांपूर्वीच मिळालेला होता : ‘हळद – शेतापासून प्रयोगशाळेपर्यंत’. हळदीचे पीक शेतात आठ-नऊ महिने असते, त्या हळदीला तू दोन दिवसांत वहीत कशी उतरवणार, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. तिने त्यातला पहिला भाग शांतपणे प्रस्तावनेत लिहून घेतला आणि ‘पप्पा, अजून सांगा की’ असे म्हणून पेन उघडेच ठेवले.

आम्ही शाळेत होतो तेव्हा परीक्षा ठरलेल्या वेळी येऊन जात आणि उरलेल्या वर्षभरात आम्ही कितवीत आहोत हे वडिलांना अधूनमधून आठवून द्यावे लागे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशा नाना साधनांनी मुलांचे मोजमाप बारा महिने सुरू झाले. मुलांवरचा परीक्षेचा ताण कमी व्हावा हा त्यामागचा हेतू होता आणि तो ताण खरोखरच कमी झाला आहे. मात्र ऊर्जा नष्ट होत नाही, ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, हा नियम विज्ञानाच्या पुस्तकातच असल्यामुळे तो ताण पुढे कोठे गेला हे निराळे सांगायला नको. ती सहावीत असताना आमच्या घरी सांगलीच्या कृष्णेवरचा आयर्विन पूल पुठ्ठ्यात उभा राहिला होता. १९२९ सालचा मूळ पूल २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर चढले तरी जागचा हलला नाही. आमचा पूल शाळेच्या रिक्षात शेजारच्या मुलाच्या डब्याचा धक्का लागून कोसळला, आणि तो रात्री दोनपर्यंत जागून पुन्हा कोणी उभा केला याची नोंद कोणत्याही मूल्यमापनात नाही.

शनिवारी दुपारी स्कूटरवरून आम्ही हरिपूरला गेलो, कारण क्षेत्रभेटीला म्हणे वेगळे गुण होते. कृष्णा-वारणेच्या संगमाकाठच्या या गावात पूर्वी जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवत, आणि ती तिथे कीड न लागता वर्षानुवर्षे टिकत असे. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१८ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, २००५ च्या महापुरात, पाणी शिरून बहुतेक पेवे निकामी झालेली होती. हे सारे पारावर बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला फार चांगल्या रीतीने सांगितले. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते, आत कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते, हेही त्यांनी सांगितले. त्यावर कन्येने ‘मग पप्पांचा आत उतरलेला फोटो मिळणार नाही का?’ असे विचारले, तेव्हा आजोबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की सौद्यातल्या मालाची प्रत ठरवतानाही कोणी तसे पाहत नसेल. परतीच्या वाटेवर तिने ‘पेव फुटणे’ याचा अर्थ विचारला. एखाद्या गोष्टीचा अचानक सुळसुळाट होणे, असे मी सांगितले, आणि उदाहरण विचारल्यावर ते द्यायला मला क्षणभरही थांबावे लागले नाही.

रविवारी प्रयोगशाळा भरली, ती अर्थातच स्वयंपाकघरात. हळदीची पातळ लापशी करायची, तीत टीपकागद बुडवायचे, ते वाळवून त्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि घरातल्या पदार्थांत एकेक पट्टी बुडवून रंग पाहायचा, असा कार्यक्रम होता. वाळवण पंख्याखाली दोरीवर टांगले होते. सोमवारी माझ्या ऑफिसच्या शाखेत तपासणी असल्यामुळे माझा पांढरा सुती शर्ट त्याच खोलीत खुर्चीच्या पाठीवर होता, आणि पंखा कोणी वाढवला हे अजून सिद्ध झालेले नाही.

शर्टाची उजवी बाही पिवळी झाली. पत्नीने घाईने साबण लावला आणि पाहता पाहता तो पिवळा डाग तांबडा झाला. ती दचकून ओरडली. कन्याही ओरडली, पण आनंदाने. ‘आम्लारी! पप्पा, साबण आम्लारी आहे!’ खरे तर सकाळपासून ती खट्टू होती, कारण लिंबू, दही, चिंच, व्हिनेगर या सर्वांत बुडवूनही पट्टी मख्खपणे पिवळीच राहिली होती. हळद आम्लाला दाद देत नाही, आम्लारी भेटला की मात्र लाल होते, हे पुस्तकात छापलेले असले तरी माझ्या बाहीवर पाहण्याची लज्जत निराळी असावी. तिने त्यावर लिंबू पिळले, डाग पिवळा झाला. पुन्हा साबण लावला, तांबडा. हा खेळ चार वेळा झाला आणि प्रत्येक वेळी वहीत एक ओळ वाढली.

या सगळ्या गदारोळात आई देवघराजवळ वाती वळत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘यात नवं काय बाई? हळदीला चुना लावला की लाल होते. पाय मुरगळला की काय लावतो आपण? आमच्या लहानपणी कुंकूसुद्धा हळदीचंच करायचे.’ क्षणभर सगळे गप्प झाले. मग कन्येने आजीच्या पानाच्या डब्यातला चुना पट्टीला लावला, आणि सबंध दिवसातला सगळ्यांत गडद लाल रंग त्या पट्टीवर उमटला. आजीची मुलाखत म्हणून वेगळे पान जोडले गेले. माझ्यासाठी पान नव्हते. ‘साहित्य’ या मथळ्याखाली मात्र वाटी, चमचा, टीपकागद यांच्यानंतर ‘पप्पांचा शर्ट (१)’ अशी नोंद होती.

‘तो शर्ट उन्हात टाक, डाग आपोआप उडेल,’ असे आईने सुचवले, आणि ते खरे आहे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. परंतु ऊन लागले तर पुरावा नाहीसा होईल, या मुद्द्यावर घरात प्रथमच विज्ञानाचा विजय झाला. शर्ट काळ्या पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी अंधारात ठेवण्यात आला. मी सोमवारी चौकटीचा शर्ट घालून तपासणीला सामोरा गेलो आणि तो काळ्या पिशवीतून शाळेत गेला.

तो अजून परत आलेला नाही. ‘पालकांचा सहभाग उत्तम’ असा शेरा मिळून प्रकल्प तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडला गेला आहे. प्रदर्शन दोन दिवस चालणार असल्याने मॅडमनी आणखी एक पांढरा शर्ट मागवला आहे. सुती असावा आणि शक्यतो पूर्ण बाह्यांचा असावा, असे वहीत लिहून आले आहे.