तुमच्याकडे असतं तर महिन्यात उचललं असतं म्हणे

गोव्यात कांदोळीला रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज आठवत असेलच, जून २००० ला पावसात येऊन बसलं ते निघेपर्यंत बारा वर्षं गेली. आमच्या फॅमिली ग्रुपवर हा विषय निघाला की मामांचं ठरलेलं वाक्य, "तुमच्याकडे असतं तर महिन्यात उचललं असतं."

मामा, मी राहतो इंग्लंडमध्ये, केंटला, आणि इथे शीअरनेसच्या किनाऱ्यावरून समोर पाण्यात तीन डोलकाठ्या दिसतात, त्यावर धोक्याचे बोर्ड. खाली एसएस रिचर्ड माँटगोमेरी आहे, १९४३ चं अमेरिकन लिबर्टी जहाज, म्हणजे महायुद्धासाठी घाऊक बांधलेल्या मालवाहू जहाजांपैकी एक. ऑगस्ट १९४४ ला सहा हजार टनांवर दारूगोळा घेऊन फ्रान्सला निघालेलं, इथे नांगर टाकून थांबलं, नांगर सरकला आणि जहाज वाळूवर चढलं. आजूबाजूच्या जहाजांनी भोंगे वाजवले पण कप्तान झोपलेला, आणि ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने त्याला उठवलंच नाही (का ते चौकशीतही सांगता आलं नाही, हे जगात सगळीकडे सारखंच दिसतं). ओहोटीला जहाजाची पाठ मोडली, महिनाभर माल उतरवला तरी बराच आत राहिला. आजही अंदाजे १४०० टन स्फोटकं तिथेच आहेत, किनाऱ्यापासून अडीचेक किलोमीटरवर, आणि बाजूच्या चॅनेलमधून गॅसचे टँकर ये-जा करतात.

१४०० टन म्हणजे काय हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. त्याच १९४४ ला १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, त्यात साधारण तेवढीच स्फोटकं होती. शेकडो माणसं गेली.

मग काढत का नाहीत? घाबरतात, आणि त्यात चूक काही नाही. १९६७ ला फोकस्टनजवळ बुडालेल्या एका पोलिश जहाजातला दारूगोळा काढायला गेले तर ते कामातच फुटलं, समुद्राच्या तळाला खड्डा पडला. पण माँटगोमेरीच्या नुसत्या डोलकाठ्या कापायच्या, त्यांच्या वजनाचा ताण सांगाड्यावर येतो म्हणून, हे २०२० ला ठरलं तरी तारखा पुढेच जात राहिल्या, आता याला काय म्हणायचं!

तर स्पीडचं कौतुक नकोच. मला इथलं पटतं ते वेगळंच, जहाजाचा नियमित सर्व्हे होतो, पत्रा कुठे झिजला, सांगाडा कुठे खचला याचे रिपोर्ट सरकार जाहीर करतं आणि शीअरनेसचा कोणीही घरबसल्या वाचू शकतो. केरळसमोर मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ बुडालं, ६४० कंटेनर घेऊन, त्यातल्या १३ मध्ये धोकादायक माल. त्याचा असा रिपोर्ट दरवर्षी कोण छापणार, ग्रुपवर भांडायचं तर यावर भांडूया ना.