पृथ्वी तापवण्याचे घरगुती उपाय

वातावरण तापवायला हातभार लावायचाय? त्यासाठी औष्णिक वीजकेंद्र काढायला नको. एक गृहनिर्माण सोसायटी पुरते. आमच्या सोसायटीने गेल्या रविवारी हे काम वीस मिनिटांत उरकलं, चहा-सामोसे धरून.

सगळ्यात आधी ओल्या कचऱ्याचा खतखड्डा बुजवा. "वास येतो" म्हणा. तिथे दोन गाड्या मावतात हे बोलू नका, ते सगळ्यांना दिसतंच. खतासाठी मिळणारी मिळकतकरातली सवलत मात्र सोडू नका.

हवेशीर खड्ड्यात भाजीची देठं कुजली की मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. तो भाजीने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणजे उसना आणला नि परत केला. तीच देठं कचरा डेपोवर धाडा. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथले जिवाणू मिथेन करतात. वजनाला वजन धरलं तर वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. वर डेपोला आग लागली तर सोन्याहून पिवळं. २०१६ च्या जानेवारीत मुंबईतल्या देवनार डेपोचा धूर उपग्रहाला दिसला होता. खड्ड्यात राहून देठांना एवढं नाव कुठून मिळणार?

एसी १८ वर ठेवा आणि गोधडी घ्या.

५ जूनला रोप लावून फोटो काढा. रोप ७ जूनपर्यंत जगलं तरी खूप झालं.

सभेत कुणी (म्हणजे मी) तोंड उघडलंच, तर म्हणा, "अहो वहिनी, हवेत कार्बन डायऑक्साइड असतो तरी किती? ०.०४ टक्के!" हशा हमखास. आता वहिनींचं ऐका. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून ९९ टक्के, पण जमिनीतून वर जाणारी उष्णता ते जवळजवळ अडवतच नाहीत. ते काम पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशा मोजक्यांचं. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं. आहे १५ च्या आसपास. कारखानदारीच्या आधी कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. आणि थोडक्यांनी काय होतं, हे तुम्ही विचारता? ९६ फ्लॅटच्या सोसायटीत चौघं मिळून सगळं ठरवता की!

बायकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, ही जुनीच रीत आहे. युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईने काचेच्या नळकांड्यांत वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं जास्त तापलं आणि निवायलाही वेळ लागला. १८५६ मध्ये तिचा निबंध परिषदेत वाचला गेला, तो एका पुरुषाने. माझाही मुद्दा इतिवृत्तात नाही. शेजारच्या काकांनी तोच पुन्हा मांडला, तेव्हा कुठे "नोंद घेण्यात आली".

आणि हा पार्किंगचा हट्ट आला कुठून? गेल्या पावसाळ्यात तळघरात पाणी भरलं, गाड्या बुडाल्या, म्हणून वर जागा हवी. अरे, हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरते. मग कोसळतो तेव्हा असाच कोसळतो! म्हणजे ज्या कारणाने पाणी आलं, त्यावरचा हातातला एवढासा उपाय तुम्ही त्याच पाण्याच्या नावाने बुजवलात. इंजिनियर आहात ना तुम्ही चौघंही? व्हॉट्सॲपवर आलेलं वाचता, मग चौथीच्या पोरांचं परिसर अभ्यासाचं पुस्तक वाचायला काय होतं? "पूर्वीही उन्हाळा असायचाच" म्हणे! तेव्हा रात्री गच्चीवर झोपायचात, आता वॉचमनच्या केबिनला साधा पंखा नाही. त्याला विचारा पूर्वीचा उन्हाळा. लाज वाटायला हवी.

खड्ड्यातली गांडुळं मी दोन बादल्यांत भरून गच्चीवर नेली आहेत. त्यांना कुणी हात लावला तर सोमवारी महापालिकेत जाऊन त्या सवलतीचं विचारणार आहे.