कवटी पाहून टाळूची भूल: फिरत्या टिपणातल्या चुका

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांत एक टिपण फिरतंय: "कवटी एकदा नीट पाहा. ग्रेटर पॅलेटाइन छिद्र दुसऱ्या दाढेसमोर असतं. सुई त्यात शिरवा, एक मिली औषध सोडा, त्या बाजूचे दात आणि टाळू बधिर." ग्रेटर पॅलेटाइन छिद्र म्हणजे कठीण टाळूच्या मागच्या भागातलं, टाळूचा मज्जातंतू जिथून बाहेर येतो ते भोक. कवटी पाहावी, हे खरंच. पुढचं मात्र जसंच्या तसं वापरू नये.

"छिद्र दुसऱ्या दाढेसमोर." जुन्या पुस्तकांतून आलेलं हे वाक्य. कवट्यांच्या मोजमापांत ते बहुतेकदा अक्कलदाढेच्या रेषेत किंवा दुसऱ्या दाढेच्या आणि तिच्या मधोमध सापडतं. मध्यरेषेपासून साधारण १५ मिमी बाजूला, कठीण टाळूच्या मागच्या कडेपासून काही मिमी पुढे. अक्कलदाढ आलेली नसेल किंवा दाढा काढलेल्या असतील तर दातांची खूण उपयोगी पडत नाही. लहान मुलांत तर छिद्राची जागा शेवटच्या आलेल्या दाढेनुसार मागे सरकत जाते. म्हणून कापसाच्या बोळ्याने शोधा: पहिल्या दाढेपाशी, हिरडीचा उतार संपून सपाट टाळू सुरू होतो तिथे बोळा दाबून मागे सरकवत न्या. बोळा किंचित खोल बसेल तेच छिद्र. त्यावर अर्धा मिनिट दाब ठेवला तर टोचणंही कमी जाणवतं.

"सुई छिद्रात शिरवा." गरज नाही. छिद्राच्या जरा पुढे टोचा, हाड लागेपर्यंत जा, तेही साधारण ५ मिमीवर. मज्जातंतू आणि धमनी तिथून खोबणीतून पुढेच जातात, म्हणून ॲस्पिरेशन करा (औषध सोडण्याआधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहा). फार मागे टोचलं तर मागच्या लहान, लेसर पॅलेटाइन छिद्रांजवळ औषध जातं, मऊ टाळू बधिर होतो आणि रुग्णाला उमासे येतात. छिद्रातून वर जाणाऱ्या कॅनॉलमध्ये (हाडातल्या नळीत) सुई नेणं हा वेगळाच ब्लॉक (मज्जातंतूजवळ औषध सोडून त्याचा सगळा भाग बधिर करणारी भूल) आहे, तो पूर्ण मॅक्सिलरी, म्हणजे वरच्या जबड्याच्या, मज्जातंतूसाठी. हाड अडलं तर जोर लावायचा नाही, सुई बाहेर काढायची.

"एक मिली." ०.४५ ते ०.६ मिली पुरतं, तेही निदान ३० सेकंदांत हळूहळू. टाळूची श्लेष्मल त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते. तिथे औषधाला पसरायला जागाच नाही. घाईने सोडलं तर दुखतं, ऊती पांढरी पडते आणि जास्त व्हॅसोकन्स्ट्रिक्टर (औषधातला रक्तवाहिन्या आकुंचित करणारा घटक) असेल तर ती मरून जखमही होते.

"दात बधिर." नाही. टाळूच्या ब्लॉकने टाळूची बाजू, पहिल्या उपदाढेपर्यंत आणि मध्यरेषेपर्यंत, तेवढीच बधिर होते. दाताच्या पल्पसाठी (आतल्या मज्जातंतू असलेल्या गाभ्यासाठी) गालाच्या बाजूने इन्फिल्ट्रेशन (दाताच्या मुळाजवळ औषध सोडणं) किंवा वरच्या दाढांसाठीचा पोस्टिरिअर सुपिरिअर अल्व्हिओलर ब्लॉक लागतोच.

पुढच्या सहा दातांमागच्या भागाचं काम नेझोपॅलेटाइन मज्जातंतूचं, आणि त्याचं टिपणात नावच नाही. कवटीत दिसणारं इन्सिसिव्ह छिद्र तोंडात इन्सिसिव्ह पॅपिलाखाली (पुढच्या दोन दातांच्या मागे मध्यावर असलेल्या उंचवट्याखाली) झाकलेलं असतं. टोचायचं पॅपिलाच्या बाजूला, मधोमध नाही, आणि ०.४५ मिलीपेक्षा जास्त सोडायचं नाही.