कारण सांगितल्याशिवाय विकू नका

जुनं फाउंटन पेन, कॅमेरा, नाणी, टपाल तिकिटं, मनगटी घड्याळ, यांतलं काही विकायला काढलंय ना? मग वस्तूचं वर्णन आवरतं घ्या आणि ती का विकताय, ते ऐसपैस लिहा. पेनात शाई ओढणारा पिस्टन नीट फिरतो का, भिंगात बुरशी धरलीय का, असल्या रुक्ष चौकशा कोणीही करील. तुमच्या जिवाची घालमेल तुमच्याशिवाय कोण सांगणार?

सुरुवात 'जड अंतःकरणाने' अशीच करावी. हलक्या अंतःकरणाने जुनी वस्तू विकलेला माणूस अजून कोणाच्या पाहण्यात नाही.

कारण निवडताना मात्र जपा. 'पैशांची निकड आहे' हे खरं असलं तरी लिहू नका. सहानुभूतीचे दोन शब्द येतील आणि त्यांच्या पाठोपाठ निम्म्या भावाची मागणी. 'घरातून कुरबुर आहे' म्हणालात, तर गिऱ्हाईक आठवडाभर गप्प बसेल. कुरबुर वाढली की भाव उतरतो, हे त्याला स्वतःच्या घरावरून ठाऊक असतं. 'जागा नाही' हे सोवळं कारण आहे, फक्त टपाल तिकीट विकताना ते देऊ नये.

सगळ्यांत भरवशाचं म्हणजे 'माझ्याकडे असंच आणखी एक आहे'. यात निकड नाही, भांडण नाही, उलट थोडं ऐश्वर्यच आहे. दोहोंतलं बरं होतं ते तुम्ही ठेवून घेतलंत, हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं ते शाई त्याच्या खिशात उतरल्यावर.

'योग्य हाती जावं, एवढीच इच्छा' ही ओळ शेवटी हवीच. योग्य हात ओळखायचे कसे, अशी काळजी नको. ज्यांचे पैसे आधी जमा होतील, ते.

आता, गिऱ्हाईक तरी कारण का विचारतं? तुमच्या आयुष्यात त्याला काडीचा रस नसतो. वस्तू वर्षानुवर्षं हाताळलेला माणूसच ती घालवायला निघालाय, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार, एवढीच त्याची शंका. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन ही शंका रीतसर मांडली आणि २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी झाले. तुमचं गिऱ्हाईक तोच प्रश्न फुकटात विचारतंय. त्याला खरं तर 'यात खोट काय?' असं विचारायचं असतं, पण संकोचापायी तो 'का विकताय?' म्हणतो. तुम्हीही सभ्य माणूस. जेवढं विचारलं तेवढंच सांगा. तिकिटामागचा डिंक उडालाय, नाणं घासून घासून चकचकीत केलंय आणि त्यापायी त्याची किंमत घसरलीय, घड्याळाची डायल नव्याने रंगवलीय, हे सगळं 'वयानुसार किरकोळ खुणा' एवढ्यात सुखाने मावतं. उरलेल्या चार परिच्छेदांत बदली, बाळ, पाठदुखी आणि आयुष्याकडे पाहण्याचा बदललेला दृष्टिकोन.

बड्या संग्राहकांचा कित्ता मात्र गिरवू नका. ब्रिटिश गयानाचं १८५६ सालचं एक सेंटाचं किरमिजी तिकीट घ्या. जगात त्याचा एकच नग ठाऊक आहे आणि तोही वापरलेला, शिक्का बसलेला. १९८० साली तो जॉन ड्यू पॉन्ट या अमेरिकी धनिकाने विकत घेतला. पुढे खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगताना ते तुरुंगातच वारले आणि २०१४ मध्ये त्यांच्या मालमत्तेतून हे तिकीट लिलावात आलं. विक्रीचं याहून अवघड कारण जाहिरातीत लिहून दाखवा! तिकीट गेलं सुमारे ९५ लाख डॉलरना. घेतलं पादत्राणांचे डिझायनर स्टुअर्ट वाइट्समन यांनी. २०२१ मध्ये त्यांनीही ते लिलावात काढलं, रक्कम समाजकार्याला देण्यासाठी. कारण इतकं निर्मळ की कोणाचेही डोळे पाणावावेत. यावेळी तिकीट गेलं सुमारे ८३ लाखांना.

त्या तिकिटाच्या पाठीवर कितीतरी मालकांच्या खुणा आहेत. वाइट्समन यांनी तर तिथे उंच टाचेचा बूट काढून ठेवलाय. ते कोणाकोणाकडे होतं, याचा माग त्या खुणांवरून लागतो आणि संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. का विकलं, ते मात्र तिथे एकानेही लिहिलेलं नाही. कदाचित जागा नसेल. चला, तिकिटाच्या बाबतीत हे कारण एकदा तरी खरं ठरलं.

एवढं सगळं साग्रसंगीत लिहूनही एखादं चिवट गिऱ्हाईक निघतंच. तुमची पाठदुखी ओलांडून ते थेट म्हणतं, 'भिंगातून बॅटरीचा उजेड पाडून एक फोटो पाठवता का?' ना बाळाची चौकशी, ना बदलीचं गाव. अशा भावनाशून्य माणसाच्या हाती तुमची लाडकी वस्तू मुळीच देऊ नका. त्याला उत्तरच देऊ नका. जाहिरातीवर ताबडतोब 'राखीव' असं लिहा, दोन दिवस जाऊ द्या, मग 'राखीव' खोडा आणि पाठदुखीवर आणखी एक परिच्छेद वाढवा.