‘काय करावं ते सांगा ना!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना समजावून सांगणाऱ्या नव्या जनुकीय समुपदेशकांना नोकरीत येणाऱ्या अडचणींवर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचे भाऊ-वहिनी दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत, पण मुलाला तो देऊ शकतात. समुपदेशक मुलीनं ‘25 टक्के’ सांगितलं, ‘निर्णय तुमचा’ म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मग एवढं शिकून उपयोग काय, असं तुम्ही विचारता.

तुमचा राग रास्त आहे. तरी मूल होऊ द्यायचं की नाही हे तिनं ठरवलं नाही, ते बरोबरच केलं. मूल वेदनेनं रात्रभर कळवळतं तेव्हा उशाशी आई बसते, समुपदेशक नाही. शिवाय आपल्याकडे वाहक मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं आणि वाहक मुलाचं झाकून उरकतात. तिथं आमच्या एका ‘करू नका’चं ओझं कुणाच्या डोक्यावर पडेल, हे मी विदर्भात पुरेसं पाहिलंय.

चुकलं ते त्याच्या पुढे. दोघंही एएस, म्हणजे वाहक, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे आजारी, होण्याची शक्यता 25 टक्के. हे परीक्षेत कुणीही लिहील. ओपीडीत मात्र समोर सून मान खाली घालून बसलेली असते, उत्तरं सासूबाई देतात, आणि 25 टक्के ऐकून त्या म्हणतात, “म्हणजे चारात एक. ते तर झालं, आता तीन चांगली होतील.” इथं नवी समुपदेशक गडबडते. मी अशा वेळी चार चिठ्ठ्या, त्यातल्या एकीवर खूण करून, डब्यात टाकायला सांगते. एक काढा, बघा, परत डब्यात टाका, मग पुढची काढा. तेव्हा कुठे सासूबाई गप्प होतात आणि सून पहिला प्रश्न विचारते.

शिकताना अशा वेळी शेजारी कुणीतरी अनुभवी बसलेलं असतं, नंतर त्या केसवर चर्चा होते. नोकरीत बहुतेक ठिकाणी ती एकटीच. वर फॉर्म भरून घेणं, नमुने लॅबला पाठवणं, रिपोर्टचा पाठपुरावा करणं, हेही तिच्याच गळ्यात. बाहेर रांग, आत डॉक्टरांची घाई. स्वतंत्र खोली नसेल तर सुनेशी एकटीशी बोलणार कुठे? तुमची तक्रार रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी गेली तर त्या मुलीचंही भलं होईल, म्हणून ती जरूर करा.

वहिनींना आत्ता दिवस गेले असतील तर मात्र आधी वेळेचं बघा. पोटातल्या बाळाला आजार आहे का हे तपासायला वारेचा नमुना साधारण 11 ते 13 आठवड्यांत घेतात, गर्भजलाचा 15 आठवड्यांनंतर. रिपोर्टला वेळ लागतो आणि गर्भपाताच्या कायद्याला आठवड्यांची मर्यादा आहे. 2021 च्या दुरुस्तीनं काही परिस्थितींत ती 24 आठवड्यांपर्यंत नेली असली, तरी पाचव्या महिन्यात पोचलेल्या जोडप्याच्या हाती विचाराला दिवस फार थोडे उरतात. दोघांचे एचपीएलसीचे (वाहक असल्याचं दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात पुन्हा जा. ऐकलेलं वहिनींनी स्वतःच्या शब्दांत परत सांगावं, आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नये. “तुम्ही काय कराल?” हेही खुशाल विचारा. तिनं उत्तर दिलं नाही, तरी “तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?” एवढं तिनं उलट विचारायलाच हवं.